दाराची किल्ली आणि घराची सत्ता

झाशीहून माणिकपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर साठ-पासष्ट किलोमीटर गेले म्हणजे मऊरानीपुर लागते. नावावरूनच ध्यानात येईल की ही मुळात दोन गावे, मऊ आणि रानीपुर. सुखनई नदीच्या काठचे हे गाव महाराष्ट्रातील श्रोत्यांच्या फारसे परिचयाचे नसेल; पण आपला त्याच्याशी संबंध जुना आहे. छत्रसालाने बाजीराव पेशव्यांस आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा दिला आणि पुढे झाशीस नेवाळकरांची सुभेदारी स्थिरावली, त्या काळात मऊ मराठ्यांच्या अमलाखाली होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात छत्रपूरच्या राजाच्या जाचाला कंटाळून व्यापारी येथे आश्रयाला आले आणि एका साध्या शेतकरी खेड्याची पेठ झाली, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढलेल्या तांबड्या रंगाचे येथील ‘खरुआ’ कापड दूरदूर जात असे. खरुआ गेला, आलही गेली. माग मात्र राहिले. हिंदीतील ऐतिहासिक कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांचा १८८९ सालचा जन्म येथलाच. भाद्रपदात येथे जलविहाराची जत्रा भरते. देवांची विमाने मिरवीत नदीवर नेतात.

या गावी मी जाऊ लागलो तो भाच्यामुळे. माझी बहीण झाशीच्या एका जुन्या मराठी घरात दिलेली. तिचा मुलगा मऊरानीपुरास शाळेत गणित शिकवितो आणि उरलेला वेळ संगणकापुढे घालवितो. तेथील काही विणकर आणि त्यांना सूत पुरविणारी एक पेढी यांच्यासाठी त्याने एक उपयुक्त सोय केली होती. पेढीच्या मागच्या खोलीत एका जुन्या संगणकावर त्याने वेब सर्व्हर बसविला. विणलेल्या थानांची छायाचित्रे त्यावर असत, ती पाहून दूरचा व्यापारी मागणी नोंदवी. त्याच यंत्रावर पेढीचा हिशेबही होता: कोणी किती सूत उचलले, किती थान परत आले, कोणाची मजुरी किती जमा झाली. यंत्राच्या सर्वाधिकाराचा परवलीचा शब्द पेढीच्या मुनीमजींपाशी होता. मुनीमजी वृद्ध आणि सावध. तो शब्द त्यांनी एका लखोट्यात घालून तिजोरीत ठेविला होता.

पहिल्याच दिवशी अडचण आली. भाच्याने सर्व्हर सुरू करावयास घेतला, तो यंत्राने सांगितले, ‘परवानगी नाही’. ८० क्रमांकाचे दार उघडण्याचा अधिकार सामान्य माणसाला नाही. तो केवळ सर्वाधिकाऱ्याला आहे. भाचा मुनीमजींकडे गेला. मुनीमजींनी लखोटा फोडला, आणि तेव्हापासून तो सर्व्हर सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालू लागला. एका दाराची किल्ली हवी होती, तर साऱ्या घराचा जुडगा हाती आला. दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही, आणि तसे ते पुष्कळांना वाटत नाही.

दीड वर्ष सुरळीत गेले. त्या सर्व्हरच्या प्रोग्रामला भाच्याने एक काम लावून दिले होते: दररोज रात्री जुनी छायाचित्रे पुसून टाकावयाची. कोणत्या कप्प्यातील पुसावयाची, हे तो एका लहानशा फाइलीतून वाचून घेई. एके रात्री वीज गेली आणि आली, त्यात ती फाइल कोरी झाली. कप्प्याचे नाव रिकामे निघाले. उरली केवळ एक तिरपी रेघ. लिनक्समध्ये नुसत्या तिरप्या रेघेचा अर्थ होतो अवघे यंत्र, मुळापासून. प्रोग्रामने आज्ञेप्रमाणे पुसावयास आरंभ केला. तो सर्वाधिकाऱ्याच्या नावाने चालत असल्यामुळे त्याला अडविणारे कोणी नव्हते. सकाळी पेढी उघडली तेव्हा यंत्र मृतवत होते आणि मजुरीचा हिशेब नाहीसा झाला होता.

कोणी चोर शिरला नव्हता, कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. काही हिशेब मुनीमजींच्या लाल वहीतून परत उभा करता आला. जो आला नाही, त्यावरून दोन घरांत अबोला झाला. ‘मामा, चूक माझ्या एका ओळीची,’ असे भाचा म्हणाला. मला ते अर्धेच खरे वाटले. ओळी चुकावयाच्याच. चुकलेल्या ओळीला तिजोरीपर्यंत वाट कशी मिळाली, हा खरा प्रश्न होता, आणि त्याच प्रश्नाविषयी आज बोलावयाचे आहे.

प्रथम हे दार म्हणजे काय ते पाहू. इंग्रजीत याला पोर्ट म्हणतात, म्हणजे बंदर. बुंदेलखंडात समुद्र नाही, तेव्हा आपण दारच म्हणू. आंतरजालावर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. परंतु एकाच यंत्रावर अनेक कामे चालतात, म्हणून एका पत्त्याला पुष्कळ दारे असतात. त्यांचे क्रमांक ० पासून ६५,५३५ पर्यंत जातात, कारण दाराचा क्रमांक लिहावयाला सोळा द्विमान अंकांचीच जागा ठेविली आहे. कोणत्या दाराशी कोणते काम चालावे, याचे संकेत ठरलेले आहेत. टपाल २५ वर, फाइलींची देवघेव २१ वर, दूरच्या यंत्रावर बसण्याची जुनी टेलनेट पद्धत २३ वर. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची रचना केली; तिच्यासाठी ८० हे दार १९९२ च्या अधिकृत क्रमांकसूचीत नोंदलेले आढळते. पुढे गुप्तलिपीतून चालणाऱ्या सुरक्षित वेबसाठी ४४३ हे दार आले. आपण एखाद्या स्थळाचे नुसते नाव टंकतो तेव्हा ब्राउझर या दोहोंपैकी एका दाराशी जातो. सर्व्हर ८०८० क्रमांकाच्या दाराशी बसविला तरी चालतो, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पण मग येणाऱ्याने नावापुढे तो क्रमांक आठवणीने टंकावा लागतो. कानपूरच्या व्यापाऱ्याने तो टंकावा, ही अपेक्षा व्यर्थ आहे. तो दोनदा प्रयत्न करील आणि दूरध्वनी उचलील.

आता मुख्य गोष्ट. युनिक्स घराण्यातील यंत्रांवर, आणि लिनक्स हे त्याच घराण्यातले, १०२४ च्या खालची दारे राखीव आहेत. ती उघडावयाची तर ‘रूट’ पाहिजे. रूट म्हणजे त्या यंत्राचा सर्वाधिकारी. त्याला कोणतीही फाइल वाचता, लिहिता, पुसता येते, आणि कोणाही माणसाचे रूप घेता येते.

हा नियम कोणी आणि कशासाठी केला? कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठाने युनिक्सची जी आवृत्ती सिद्ध केली, तिच्या १९८३ सालच्या ४.२ या आवृत्तीबरोबर तो सर्वत्र पसरला. त्या आवृत्तीत एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर परवलीचा शब्द न विचारता जाण्याची सोय होती. दुसऱ्या यंत्राने ओळख कशी पटवावयाची? तर पहिले यंत्र विश्वासू यंत्रांच्या यादीत आहे की नाही हे पाहावयाचे, आणि निरोप १०२४ च्या खालच्या दारातून निघाला आहे की नाही हे पाहावयाचे. तसा निघाला असेल तर तो तेथील सर्वाधिकाऱ्याच्या प्रोग्रामने पाठविला आहे, आणि म्हणून त्यात सांगितलेले नाव खरे आहे. सारांश, दाराचा लहान क्रमांक हा शिक्का होता. जुन्या दप्तरात कागदावर मोर्तब दिसले की कारकून पुढची चौकशी करीत नसे, तसेच हे.

त्या दिवसांत ही रीत अगदीच भाबडी नव्हती. यंत्रे महाग होती, विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत होती, प्रत्येकाचा एक परिचित अधिकारी असे. पुढे यंत्रे स्वस्त झाली, घरोघर आली. ज्याचे यंत्र तोच त्याचा सर्वाधिकारी. मग शिक्का कोणालाही बाजारात कोरून घेता येऊ लागला. १९९५ साली फिनलंडमधील तातू य्ल्योनेन या संशोधकाने गुप्तलिपीच्या आधाराने ओळख पटविणारी एसएसएच ही पद्धत काढली आणि क्रमांकसूचीच्या अधिकाऱ्यांकडे २२ हे दार मागितले. २१ आणि २३ यांच्यामधली ती जागा रिकामी होती आणि ती त्याला मिळाली. या पद्धतीत निरोप कोणत्या दारातून निघाला याला महत्त्व उरले नाही. ज्या कामासाठी नियम केला, ते काम अशा रीतीने संपले. नियम मात्र राहिला.

तो अगदीच निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही. एका यंत्रावर अनेक लोक काम करीत असतील आणि खरा टपाल-सर्व्हर क्षणभर बंद पडला, तर त्या संधीत कोणा खोडसाळाने २५ क्रमांकाच्या दाराशी बसून दुसऱ्यांची पत्रे घेऊ नयेत, हा लाभ आजही आहे. पण त्याची किंमत केवढी पाहा. बाहेरच्या साऱ्या जगाशी बोलणारे प्रोग्राम, ज्यांच्या दाराशी परक्या माणसाने यावयाचे, ज्यांत चूक निघण्याचा संभव सर्वांत अधिक, त्यांनाच हा नियम सर्वाधिकाऱ्याची वस्त्रे नेसवितो. पहारा बसविला तो दाराच्या रक्षणासाठी, आणि त्यापायी दारवानाला जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्या लागल्या!

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी सोडविलेला आहे. शिवकालीन गडांची व्यवस्था श्रोत्यांच्या वाचनात आली असेल. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन अधिकारी एका दर्जाचे असत. धान्य-दारूगोळ्याच्या कोठारांकडे पाहणारा कारखानीस वेगळा. दरवाजाच्या किल्ल्या हवालदारापाशी, हजेरीपट आणि लेखन सबनीसापाशी. दरवाजा उघडणाराच हिशेब लिहीत नसे आणि हिशेब लिहिणाराच कोठार उघडीत नसे. एक फितूर झाला तरी गड जाऊ नये, ही त्यामागची योजना. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली संगणकाच्या सुरक्षिततेवर एक निबंध लिहिला, त्यात त्यांनी हेच तत्त्व मांडले: प्रत्येक प्रोग्रामला त्याच्या कामापुरता अधिकार असावा, त्याहून तसूभरही अधिक नसावा. युनिक्सचा रूट मात्र हवालदार, सबनीस आणि कारखानीस सगळे एकटाच. म्हणून गेली चाळीस वर्षे या एकहाती सत्तेतून एका दारापुरती सत्ता सोडवून घेण्याच्या युक्त्या चालल्या आहेत.

सर्वांत जुनी युक्ती संन्यासाची आहे. प्रोग्रामने सर्वाधिकारी म्हणून जन्म घ्यावा, दार उघडावे, आणि लागलीच अधिकार सोडून सामान्य व्हावे. एकदा उघडलेले दार हातात राहते. ते धरून ठेवावयाला अधिकार लागत नाही. अपाची आणि एन्जिनएक्स हे दोन प्रसिद्ध सर्व्हर याच वाटेने चालतात. त्यांत एक मूळ प्रक्रिया सर्वाधिकारी राहते, पण ती पाहुण्यांशी बोलत नाही. बोलणाऱ्या कामकरी प्रक्रिया तिने सामान्य नावाने निर्माण केलेल्या असतात. नील्स प्रोव्होस याने २००२ च्या सुमारास ओपनएसएसएचची अशीच फोड केली.

संन्यासातही क्रम पाळावा लागतो. आधी गटाचे अधिकार सोडावयाचे, मग स्वतःचे नाव बदलावयाचे. उलट केले तर गटाचे अधिकार सोडण्याची शक्तीच उरत नाही आणि ते अंगाला चिकटून राहतात. पुष्कळ प्रोग्रामांत ही चूक सापडली आहे. आणखी एक पथ्य असे की संन्यास खरोखर लागू झाला की नाही, हे तपासून पाहावयाचे. त्याची कथा थोड्याच वेळात येईल.

दुसरी युक्ती सत्तेचीच वाटणी करण्याची. लिनक्सच्या २.२ या १९९९ सालच्या आवृत्तीत रूटच्या अधिकाराचे तुकडे करण्यात आले. आज त्यांची संख्या चाळिसाच्या घरात आहे: घड्याळ लावण्याचा एक, दुसऱ्याच्या फाइलींची मालकी बदलण्याचा एक, यंत्र पुन्हा सुरू करण्याचा एक, आणि राखीव दार उघडण्याचा एक. या शेवटच्याचे नाव ‘कॅप नेट बाइंड सर्व्हिस’. २००८ च्या आरंभी आलेल्या २.६.२४ या आवृत्तीपासून असा एखादा तुकडा विशिष्ट प्रोग्रामच्या फाइलीवर चिन्हासारखा उमटविता येऊ लागला. ‘सेटकॅप’ या आज्ञेने तो उमटवितात. सर्वाधिकाऱ्याने एकदा चिन्ह उमटवावे, आणि मग तो प्रोग्राम कोणीही सामान्य माणसाने चालविला तरी त्याला तेवढे दार उघडता येते, दुसरे काही नाही. हीच हवालदारी.

व्यवहारात येथे दोन ठिकाणी पाय घसरतो. प्रोग्रामची नवी आवृत्ती बसविली की जुनी फाइल जाते आणि तिच्याबरोबर चिन्हही जाते; काल चालणारा सर्व्हर आज ‘परवानगी नाही’ म्हणतो आणि कारण कोणाला सुचत नाही. दुसरे याहून वाईट. प्रोग्राम पायथॉनसारख्या भाषेत लिहिलेला असेल, तर चालणारी फाइल आपली नसते, पायथॉनची असते. चिन्ह तिच्यावर उमटविले की त्या यंत्रावरील पायथॉनमधील प्रत्येक प्रोग्रामला राखीव दारे खुली झाली. हवालदारी एकाला द्यावयाची ती साऱ्या गावाला दिल्यासारखे होते.

आणि ती कथा. हे तुकडे पाडण्याचे यंत्रच २००० साली एका घातक चुकीला कारण झाले. लिनक्सच्या २.२.१५ पर्यंतच्या आवृत्त्यांत सामान्य माणसाला अशी योजना करता येई की रूटच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रामपाशी इतर सर्व सत्ता असावी, परंतु नाव बदलण्याचा तुकडा मात्र नसावा. टपाल वाहणारा सेंडमेल हा प्रोग्राम नेहमीप्रमाणे सत्ता सोडण्याचा विधी करी. विधी पुरता लागू होत नसे. प्रोग्रामची समजूत अशी की आपण संन्यास घेतला. मग संन्यासी समजून त्याच्याकडून करून घेतलेली कामे प्रत्यक्षात राजाच्या अधिकाराने होत. २.२.१६ मध्ये हे दुरुस्त झाले. सत्ता वाटण्याची व्यवस्थाही किती काळजीने करावी लागते, याचे मला हे उदाहरण फार बोलके वाटते.

तिसरी युक्ती वाट वळविण्याची. सर्व्हरने निमूटपणे ८०८० वर बसावे, आणि यंत्राच्या वेशीवर सर्वाधिकाऱ्याने असा नियम करून ठेवावा की ८० वर येणारा प्रत्येक निरोप ८०८० कडे न्यावा. पाहुण्याला काही कळत नाही. ही रीत लोकप्रिय आहे आणि सोपी आहे. मला ती फारशी आवडत नाही. एक तर त्याच यंत्रावर बसून ८० ठोठावले तर उत्तर येत नाही, कारण घरातल्या माणसाचे बोलणे वेशीवरून जातच नाही, आणि नवशिका अर्धा दिवस चूक शोधीत बसतो. दुसरे म्हणजे ८०८० राखीव नाही. आपला सर्व्हर कोसळला की त्याच यंत्रावरचा दुसरा कोणी त्या जागी बसू शकतो, आणि वेशीवरचा नियम इमानाने सारे पाहुणे त्याच्याकडे पाठवितो.

चौथी युक्ती दाराबाहेर भालदार उभा करण्याची आहे. बर्कलेच्या १९८६ सालच्या ४.३ आवृत्तीत आयनेटडी नावाचा प्रोग्राम होता. तो स्वतः सगळी दारे उघडून बसे आणि जो पाहुणा ज्या दाराशी येईल, त्या कामाच्या माणसाला हाक मारून ते दार त्याच्या हाती देई. २०१० साली सिस्टमडी आला आणि त्याने ही जुनी कल्पना नव्याने मांडली. सर्वाधिकारी दार उघडतो आणि सामान्य नावाने जन्मलेल्या सर्व्हरला ते उघडेच देतो. सर्व्हरला ते तीन क्रमांकाच्या मुठीत सापडते, कारण ०, १ आणि २ या मुठी आधीच वापरात असतात. यात सर्व्हरने क्षणभरही सत्ता पाहिलेली नसते, म्हणून ती सोडण्याचा प्रश्नच नाही. सर्व्हर कोसळला तरी दार सर्वाधिकाऱ्याच्या हाती राहते, दुसरा त्यात शिरू शकत नाही. सर्व युक्त्यांत मला हीच सर्वांत सभ्य वाटते. अट एकच की दार असे हातात घेण्याची रीत प्रोग्रामला ठाऊक पाहिजे; सर्वांना ती नसते.

इयन जॅक्सन यांची ऑथबाइंड ही एक लहानशी सुबक युक्तीही आहे. एका ठराविक कप्प्यात ‘८०’ नावाची रिकामी फाइल ठेवावयाची. ती चालविण्याचा अधिकार ज्याला दिला, त्याला ते दार मिळते. दारांचा ताम्रपटच तो! आणि शेवटी, नियमाची रेषाच खाली ओढण्याचा मार्ग आहे. लिनक्सच्या ४.११ या २०१७ सालच्या आवृत्तीपासून राखीव दारे १०२४ पासूनच संपावीत असे नाही. सर्वाधिकाऱ्याने एक आकडा बदलून ती ८० पाशी संपविली तरी चालते. ॲपलने तर २०१८ च्या मोहावी आवृत्तीत आपल्या यंत्रांवर हा निर्बंध बराच सैल केला, आणि विंडोजमध्ये तो या स्वरूपात कधी नव्हताच. ज्या यंत्रावर एकच सर्व्हर आणि एकच मालक आहे, तेथे हे करण्यात मला गैर दिसत नाही.

श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल की या सर्व युक्त्यांत एकदा तरी सर्वाधिकाऱ्याचा हात लागतो. चिन्ह त्याने उमटवावयाचे, वाट त्याने वळवावयाची, रेषा त्याने ओढावयाची. ‘अधिकाराशिवाय राखीव दार उघडून द्या’ असे जे विचारतात, त्यांना प्रामाणिक उत्तर असे की धन्याच्या संमतीशिवाय ते उघडत नाही, आणि उघडत असेल तर ते यंत्र दुरुस्त करावयास हवे. प्रश्न संमतीच्या मापाचा आहे. मुनीमजींनी संमती दिली यात चूक नव्हती. ती लखोट्याएवढी मोठी दिली, ही चूक होती.

पुढच्या सुटीत मी मऊरानीपुरास गेलो तेव्हा आम्ही दोघांनी ते यंत्र नव्याने बसविले. भाच्याचा प्रोग्राम पायथॉनमधला, तेव्हा फाइलीवर चिन्ह उमटविण्याचा मार्ग बाद झाला. उघडे दार हाती घेण्याची रीत त्याला शिकवावयाची तर बराच भाग पुन्हा लिहावा लागला असता. शेवटी सिस्टमडीचीच दुसरी सोय घेतली. एक नवे नाव निर्माण केले, ‘थान’. सर्व्हर त्या नावाने जन्मावा, आणि जन्मताना त्याला राखीव दार उघडण्याचा तेवढा एक तुकडा बरोबर द्यावा. प्रोग्रामच्या फाइलीवर नव्हे, तर चालत्या प्रक्रियेच्या अंगावर असा तुकडा देणे लिनक्सच्या ४.३ या २०१५ सालच्या आवृत्तीपासून शक्य झाले आहे. चार ओळींचे काम. हिशेबाच्या फाइली ‘बही’ या वेगळ्या नावाच्या मालकीच्या केल्या. ‘थान’ला त्या वाचताही येत नाहीत. परवलीचा शब्द बदलला, आणि तो नवा शब्द मुनीमजींनी स्वतः टंकला, आम्हा दोघांना तोंड फिरवावयास सांगून.

४४३ च्या दाराला आणखी एक कागद लागतो, ओळखीचे प्रमाणपत्र. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते विनामूल्य देते; तिचे काम २०१५ च्या डिसेंबरात सर्वांना खुले झाले. ती परीक्षा कशी घेते, हे पाहून मला हसू आले. तिच्या परीक्षेचा एक प्रकार असा की ती आपल्या नावाच्या यंत्राचे ८० क्रमांकाचे दार ठोठावते आणि तिने सांगितलेली खूण तेथे मिळाली तर ते नाव आपलेच मानते. लहान क्रमांकाच्या दाराशी जो बसला आहे तो अधिकारीच असला पाहिजे, हा १९८३ चा विश्वास अशा रीतीने अजून थोडासा जिवंत आहे. त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली ‘थान’ला वाचता आली पाहिजे, इतरांना नाही, तिचीही मालकी त्याप्रमाणे लावून दिली.

सगळे झाल्यावर मुनीमजी म्हणाले, ‘मास्टरजी, तुम्ही म्हणता ते ठीक, पण मला दाखवा.’ म्हणून भाच्याने एक गोष्ट केली, जी करताना त्याचा हात थरथरत होता. हिशेबाची एक प्रत बाहेर काढून कपाटात ठेवली, जुना सदोष प्रोग्राम शोधून परत बसविला, कप्प्याचे नाव सांगणारी फाइल मुद्दाम कोरी केली, आणि रात्रीचे काम दुपारीच सुरू केले. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या. ‘परवानगी नाही’, ‘परवानगी नाही’, ‘परवानगी नाही’. दीड वर्षापूर्वी ज्या शब्दांनी त्याला लखोट्याकडे पाठविले, तेच शब्द. धावणे थांबले तेव्हा थानांची सारी छायाचित्रे गेली होती. मुनीमजींनी चष्मा पुसला, हिशेब उघडला, लाल वही शेजारी ठेवली, आणि वैशाखापासूनची एकेक रक्कम बोट ठेवून वाचावयास आरंभ केला.